जोकर व्हायचंय? जोकरवाल्या व्हिडिओ गेमची सुरुवात कुठून करावी

जोकर असलेले व्हिडिओ गेम शोधायला गेलं की सगळ्यात आधी समोर येतात ते भीतीचे. रक्ताळलेलं तोंड, अंधारी जत्रा, हातात करवत. नवखा माणूस तिथूनच सुरुवात करतो, दहा मिनिटांत एक तर घाबरतो किंवा कंटाळतो, आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून गाशा गुंडाळतो. माझं मत उलट आहे. जोकर आपल्या मागे लागतो ते गेम नंतर. आधी ज्यांत आपण स्वतःच जोकर असतो ते खेळा. तोल जाणं, तोंडावर आपटणं, लोकांनी हसणं आणि पुन्हा उठून तेच करणं हे जोकराचं काम, आणि गेम शिकतानाही आपलं दुसरं काय होत असतं? त्यामुळे या गेममध्ये हरण्याचा राग येत नाही. उलट बऱ्याचदा हरण्यातच जास्त मजा असते.

खालचा क्रम मी याच हिशेबाने लावला आहे. सगळे गेम खेळायलाच हवेत असं नाही. पण भीतीच्या गेमवर थेट उडी मारू नका.

आधी हे जवळ असू द्या

- साधा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. खालचे बहुतेक गेम हलक्या मशिनवर चालतात, महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. अपवाद येईल तिथे सांगतो.
- स्टीमचं खातं. स्टीम म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. ईमेल दिला की खातं फुकट उघडतं. किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात.
- हेडफोन. भीतीच्या गेमसाठी तर हवेतच, पण विनोदी गेममध्येही अर्धी गंमत आवाजात असते.
- माऊस. लॅपटॉपच्या टचपॅडवर नेमबाजी करायला जाऊ नका, हात दुखतील.
- काहीच नसेल तर फोन. तुम्ही सरळ पायरी ३ वर जा.

स्टीमचा एक नियम पाठ करून ठेवा: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. म्हणजे गेम विकत घेतला की त्याच आठवड्यात उघडून बघा. सेलमध्ये दहा गेम घेऊन ठेवायचे आणि दिवाळीत बघू म्हणायचं, यात ही सोय हातची जाते.

१. पहिला धडा: ‘सर्कस’

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता (समुराई, मीडिया, लिटल मास्टर, ज्याला जे मिळालं ते), त्यांना मारिओ आणि कॉन्ट्राच्या खालोखाल आठवतो तो हा गेम. आपण सगळे त्याला नुसतं ‘सर्कस’ म्हणायचो. खरं नाव ‘सर्कस चार्ली’. जपानच्या कोनामी कंपनीने १९८४ साली तो आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशिनांसाठी काढला, १९८६ मध्ये तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या मशिनवर आला आणि फॅमिकॉमच्या नकला करून बनवलेल्या मशिनांबरोबर आपल्या घरांत शिरला. त्या कॅसेटी अधिकृत नव्हत्या, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. अधिकृतपणे खेळायचा असेल तर निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या मशिनसाठी कोनामीने जुन्या आर्केड गेमचा जो संच काढला होता, त्यात आर्केडवाला ‘सर्कस चार्ली’ आहे.

माळ्यावरचं जुनं मशीन काढणार असाल तर आधी एवढं करा:

- अडॅप्टर मिळेल तो लावू नका. व्होल्टेजबरोबर पिनची दिशाही बघा, म्हणजे मधला भाग प्लस आहे की मायनस. मशीनवर आणि अडॅप्टरवर त्याची छोटी खूण छापलेली असते. दोन्ही जुळत नसतील तर मशीन जळू शकतं.
- नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जागा सापडल्या नाहीत तर मागे ‘एव्ही’ लिहिलेलं एक बारीक गोल भोक शोधा. त्यासाठी वेगळी छोटी वायर मिळते.
- कॅसेट चालत नसेल तर तिच्यात फुंकर मारू नका. तोंडातला ओलावा पट्ट्यांवर बसतो आणि त्या गंजतात. कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा, वाळू द्या, मग लावा.
- ‘९९९९९९ इन १’ पाहून नवी कॅसेट घेऊ नका. यादीत पुढे सरकत गेलात की तेच गेम नावं बदलून पुन्हा भेटतात. एखाद्या नोंदीत तोच गेम नुसता दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होतो. दुकानदाराला यादीतला ‘सर्कस’ चालवून दाखवायला सांगा, मगच पैसे द्या.

आता प्रत्यक्ष खेळ. बटणं दोनच: चालायचं आणि उडी मारायची. वर बोनसचा आकडा उतरत असतो. तो शून्यावर आला की एक जीव गेला. जमिनीवर ठरावीक अंतरावर १००, ९०, ८० असे मीटरचे फलक येतात, म्हणजे किती उरलं ते कळतं.

*सिंह.* चार्ली सिंहावर बसून आगीच्या रिंगांतून उडी मारतो, मध्ये जमिनीवर पेटती भांडी. नवखा माणूस उजवं बटण दाबून धरतो आणि सरळ आगीत जातो. तसं करू नका. रिंगा स्वतःहून तुमच्याकडे सरकत येत असतात, त्यामुळे जागच्या जागी थांबूनही रिंग पार करता येते. घाई झाली तर सिंहाला मागेही घेता येतं. भांडं आणि रिंग एकत्र येताना दिसली की दोन पावलं मागे, दोघांतलं अंतर बघून मग उडी. पैशाची थैली असलेली छोटी रिंग लालूच म्हणून ठेवलेली असते. पहिल्या फेरीत तिच्या नादी लागू नका.

*दोरी.* समोरून तपकिरी माकडं हळूहळू येतात, त्यांच्यावरून उडी मारायची. सोपं वाटतं. मग त्यांच्या मागून एक निळं माकड धावत येतं आणि तपकिरी माकडाच्या डोक्यावरून उडी घेतं. तुम्ही नेमके तेव्हाच हवेत असाल तर संपलंच. निळं दिसलं की पुढे जाणं थांबवा, त्याची उडी होऊ द्या, ते खाली टेकलं की तुमची पाळी.

*चेंडू.* मोठ्या चेंडूवर उभं राहून समोरून येणाऱ्या चेंडूवर उडी मारायची. पुढचा चेंडू तुमच्या चेंडूला भिडायच्या आत पाय उचला. इथे बहुतेक जण उशिराने मरतात, लवकर उडी मारून क्वचितच.

*घोडा* आणि *झोका.* घोडा थांबतच नाही, त्यामुळे विचार करायला वेळ नाही, तालात खेळायचं. झोक्यावर मात्र दमानं घ्या. झोका पुढच्या टोकाला पोचल्यावरच हात सोडायचा, मध्येच सोडलात तर खाली. पाचही झाले की गेम पुन्हा पहिल्यापासून, पण जरा जोरात. शेवट असा नाहीच.

जाता जाता. १९९८ साली केंद्र सरकारने सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना सर्कशीच्या खेळांत वापरायला मनाई केली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला, तेव्हापासून चालत आलेल्या आपल्या सर्कशीतल्या या प्राण्यांच्या करामती तिथे बंद झाल्या, आणि ते बरंच झालं. सिंहाला आगीतून उडी मारायला लावायचीच असेल तर आता चार्ली आहे.

जुन्या गेमची आवड लागली तर आणखी दोन नावं ध्यानात ठेवा. एक्सिडी कंपनीचा १९७७ चा ‘सर्कस’: दोन जोकर एका सी-सॉवर, एक आपटला की दुसरा उडतो आणि वरचे फुगे फोडतो. दुसरा १९८२ चा ‘मिस्टर डू!’. यात जोकर जमिनीत भुयारं खणून चेरी गोळा करतो आणि मागे लागलेल्या राक्षसांवर चेंडू फेकतो. लेव्हल संपवायचे त्यात चार वेगवेगळे मार्ग आहेत, आणि तेव्हाच्या मानाने ही चैन होती.

२. बोलता न येणारा जोकर: ‘ड्रॉप्सी’

इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल, किंवा घरातल्या आजींना बरोबर बसवायचं असेल, तर हा गेम घ्या. २०१५ साली आलेल्या ‘ड्रॉप्सी’त पात्रं बोलतात ती छोट्या छोट्या चित्रांत. डोक्यावर फुगा येतो, त्यात सँडविचचं चित्र: माणूस भुकेला आहे. बस्स.

ड्रॉप्सी हा बेढब, घामट, दात पडलेला जोकर. सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि गावाने त्याचं खापर याच्या डोक्यावर फोडलं. त्यामुळे लोक त्याला टाळतात, आणि त्याला तर सगळ्यांना मिठी मारायची असते. गेममध्ये मिठी मारण्यासाठी वेगळं बटणच आहे. माणसांना, कुत्र्याला, झाडाला, कशालाही. पहिल्याच भेटीत बहुतेक जण झिडकारतात. मग त्यांना काय हवं ते ओळखायचं, आणून द्यायचं आणि पुन्हा हात पसरायचे.

कसं खेळायचं:

- दिसेल त्यावर माऊस फिरवा आणि टिचकी मारा. यात मरण नाही, काही बिघडत नाही.
- पुढे कुत्रा, उंदीर आणि पक्षी सोबत येतात आणि त्यांच्या रूपातही खेळता येतं. बारीक भोक दिसलं की उंदीर, उंच जागा दिसली की पक्षी. एवढं लक्षात राहिलं तरी अर्धी कोडी सुटतात.
- दिवस-रात्र बदलते आणि माणसं जागा बदलतात. अडलात तर रात्री त्याच ठिकाणी परत जाऊन बघा. नवखे इथेच अडकतात, कारण एकदा पाहिलेली जागा आपण संपली असं धरून चालतो.

इंटरनेटवर याची सगळी उत्तरं आहेत. पाहू नका असं म्हणणार नाही, पण एका वेळी एकच उत्तर पाहा. सगळं वाचून काढलंत तर हातात फक्त टिचक्या मारणं उरेल.

रंगसंगती भडक आहे, मधली स्वप्नं विचित्र आहेत. अगदी लहान मुलांना दाखवण्याआधी तासभर स्वतः खेळून बघा.

३. फक्त फोन असेल तर: ‘बालाट्रो’

हा पत्त्यातला जोकर. २०२४ च्या फेब्रुवारीत आला, त्याच वर्षी फोनवरही. लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एकाच माणसाने तो बनवला. पैसे लावायचे नसतात, पण गेम विकत घ्यावा लागतो. आतमध्ये पुन्हा खरेदी नाही.

रमी खेळणाऱ्यांना एक इशारा: इथे जोकर म्हणजे कुठल्याही पानाऐवजी लावायचं पान नव्हे. जोकर हातात येतच नाही. तो वर वेगळ्या ओळीत बसतो आणि खेळाचा हिशेबच बदलतो. सुरुवातीला ५ जोकरांची जागा असते. एकूण १५० जोकर आहेत, प्रत्येकाची खोड वेगळी.

हिशेब कसा चालतो ते एकदा नीट बघा, मग बाकी सगळं सोपं. तुम्ही पोकरच्या पद्धतीने जोडी, तीन सारखी, एकाच रंगाची पाच वगैरे पानं खेळता. समजा राजांची जोडी खेळलात. जोडीला मूळ १० गुण आणि गुणक २. प्रत्येक राजाचे १०. म्हणजे १० + १० + १० = ३०, गुणिले २, झाले ६०. पहिल्या फेरीचं लक्ष्य ३०० असतं आणि डाव चारच. साठ-साठने चार डावांत २४० होतात, म्हणजे हरलात. आता अगदी साधा जोकर घ्या, ज्याच्यावर नुसतं ‘जोकर’ लिहिलेलं असतं. तो गुणकात ४ मिळवतो. तीच जोडी आता ३० गुणिले ६, म्हणजे १८०. दोन डावांत फेरी संपली.

पुढे अडखळायच्या जागा:

- जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. गुणकात *मिळवणारे* डावीकडे आणि गुणकाला *गुणणारे* उजवीकडे ठेवा. बोटाने सरकवता येतात. यात आळस केलात तर जिंकलेला डाव हराल.
- फेऱ्या जिंकून गेममधलेच खोटे डॉलर मिळतात. फेरीअखेरीस हातात शिल्लक असलेल्या दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ शिल्लक ठेवणं फायद्याचं. नवखे गेममधल्या जोकरांच्या दुकानात शिरले की खिसा रिकामा करूनच बाहेर पडतात.
- पानं खेळण्याआधी नको ती टाकून बदलता येतात. ही सोय वापरायची विसरू नका.
- झोपायच्या आधी उघडू नका. हे मी गमतीत म्हणत नाही.

४. आता घाबरायला हरकत नाही

इथवर आलात तर जोकराची चाल कळली असेल. मग त्याच्यापासून पळण्यातही रंग भरतो.

सुरुवात ‘लेफ्ट फोर डेड २’ ने करा. २००९ चा गेम, जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. त्यात ‘डार्क कार्निव्हल’ नावाची मोहीम निवडा. बंद पडलेली जत्रा, रोलर कोस्टरच्या रुळांवरून धावणं, शेवटी संगीताच्या मंचावर लढाई. या जत्रेत झोंबी झालेले जोकर फिरतात. त्यांच्या बुटांचा चूं-चूं आवाज येतो आणि त्या आवाजामागे बाकीचे झोंबी गोळा होत जातात. म्हणून गर्दीत आधी जोकर टिपायचा. जवळून फटका बसला की त्याच्या नाकाचा भोंगा वाजतो. इतक्या मारामारीत तो आवाज आला की हसू आवरत नाही. मित्र नसतील तर एकट्याने खेळा, चौघांच्या टोळीतले बाकीचे तिघे कॉम्प्युटर चालवतो.

‘डेड बाय डेलाइट’मध्ये २०१८ पासून एक जोकर आहे. एक मारेकरी विरुद्ध चार पळणारे. तो बाटल्या फेकतो, जांभळ्या धुरात सापडलात की पाय जड होतात आणि नजर अंधुक. याला जरा बरं मशीन लागतं. आणि इथे सापळा आहे: मूळ गेम घेतला म्हणजे जोकर म्हणून खेळता येईलच असं नाही. तो वेगळा विकत घ्यावा लागतो, किंवा खेळून साठवलेल्या गुणांवर मिळवावा लागतो. पहिल्या दिवसापासून पैसे ओतू नका. आधी पळणाऱ्यांच्या बाजूने खेळा, नकाशे पाठ करा.

‘किलर क्लाऊन्स फ्रॉम आऊटर स्पेस’ या सिनेमावरचा २०२४ चा गेम तीन जोकर विरुद्ध सात माणसं असा आहे. मित्रांची टोळी तयार असेल तरच घ्या. तुम्हाला प्लेस्टेशनची पार्श्वभूमी असेल तर डोक्याला आग लागलेला, आइस्क्रीमची गाडी चालवणारा ‘ट्विस्टेड मेटल’मधला स्वीट टूथ आठवत असेलच. १९९५ पासून तो आहे.

हे सगळे मोठ्यांचे गेम. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासमोर लावू नका, सर्कशीत त्याला खरा जोकर पाहायचा आहे अजून.

५. शेवटची पायरी: माणसांसमोर जोकर

‘स्पेस स्टेशन १४’ फुकट आहे, स्टीमवरून किंवा त्यांच्या लाँचरवरून उतरवता येतो. अंतराळ स्थानकावर बरीच खरी माणसं एकत्र येतात, कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी सुरक्षारक्षक, कोणी झाडूवाला. आणि एक जोकर. त्याच्याकडे केळी आणि भोंगा. केळं खायचं, साल वर्दळीच्या जागी टाकायची आणि कप्तान साहेब घसरायची वाट बघायची. बंदूक हातात घेऊ नका, जोकराच्या हातात ती उलटी फुटते. तसं मुद्दाम बनवलेलं आहे.

पहिल्यांदा जाताना:

- हा खेळ वेगवेगळ्या सर्व्हरवर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अड्ड्यांवर चालतो. प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे. आधी ते वाचा. वाचलेले नाहीत ही सबब चालत नाही, हाकलून देतात.
- पहिल्या काही खेपा ‘पॅसेंजर’ म्हणजे साधा प्रवासी म्हणून जा. दारं कशी उघडतात, हवा संपली तर काय करायचं, हे त्यात कळतं. काही सर्व्हरवर ठरावीक वेळ खेळल्याशिवाय जोकराची जागा मिळतही नाही.
- गप्पा लिहून होतात, बहुतेक इंग्रजीत. मोडकी-तोडकी चालते. जोकराने नीट बोलावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते.
- एकाच माणसाच्या मागे लागू नका. तो दोनदा घसरला तर हसतो, पुढे तक्रार करतो. डॉक्टर रुग्णाला घेऊन धावत असताना साल टाकू नका. आग लागली असेल तर भोंगा खिशात.
- एक खेळ तासभर किंवा त्याहून जास्त चालतो. मधूनच उठून गेलात तर तुमचा जोकर तिथेच झोपून राहतो आणि त्याची केळी दुसरं कोणीतरी पळवतं.